ईटीओची सायकल संपली, आता पाऊच कधी द्यायचं?

रात्री अकरा-साडेअकराला फोन वाजला की पलीकडे काय असणार हे मला आधीच कळतं. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या नाहीतर शाहूपुरीतल्या एखाद्या नर्सिंग होममधली नवी सिस्टर असते, मागं मशीनचा बीप ऐकू येत असतो. "ताई, सायकल संपली. टेपचा रंग पण बदललाय. सर्किट ओटीत देऊन टाकू?"

नको. ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड, उष्णता न सोसणाऱ्या वस्तू निर्जंतुक करायचा गॅस; सर्किट म्हणजे भुलेच्या मशीनच्या नळ्या, आणि ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. टेपनं तुम्हाला एवढंच सांगितलंय की पाऊचपर्यंत गॅस पोचला. आत मुरलेला गॅस बाहेर पडला का, हे सांगणारी खूण त्या पाऊचवर कुठंच नसते. ती घड्याळावरून आणि रजिस्टरवरून आपणच काढायची असते. हा लेख त्यासाठी.

मी सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, सोळा वर्षं काढली. पहिल्या वर्षी यातलं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. मशीन बसवायला आलेल्या माणसानं अर्ध्या तासात बटणं दाखवली, चहा घेतला आणि गेला. पुढचं सगळं चुका करत शिकले. त्यातली एक चूक खाली लिहिली आहे, कारण ती वाचली की बाकीचे आकडे लक्षात राहतात.

१. आधी समजून घ्या: गॅस अडकतो म्हणजे काय

स्टीलच्या डब्यात तांबडा रस्सा नेला, डबा घासला, विषय संपला. तोच रस्सा प्लॅस्टिकच्या डब्यात नेऊन बघा. तीनदा घासला तरी वास दोन दिवस राहतो, कडेला लाली राहते. पदार्थ प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेला असतो. इथिलीन ऑक्साइडचं तेच आहे. रेणू लहान, त्यामुळे पाऊचच्या कागदातून, नळीच्या पोकळीतून, इतकंच काय प्लॅस्टिकच्या भिंतीतूनही तो आरपार जातो. म्हणून तर लांब बारीक नळीतले जंतू तो मारू शकतो. जो गुण तोच दोष: जितका आत जातो तितका आत राहतो.

धातू आणि काच यांच्यात तो मुरत नाही. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन तुलनेनं कमी धरून ठेवतात. पीव्हीसी, रबर, सिलिकॉन, पॉलियुरेथेन भरपूर पितात. म्हणजे आपल्याकडची ॲनेस्थेशियाची सर्किटं, अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), मास्क, सक्शनच्या नळ्या, सगळी पिणारी मंडळी.

मागं राहणारे पदार्थ तीन. पहिला इथिलीन ऑक्साइड स्वतः. दुसरा इथिलीन क्लोरहायड्रिन, गॅसला क्लोराइड भेटलं की होतो. तिसरा इथिलीन ग्लायकॉल, गॅसला पाणी भेटलं की होतो. यात एक मेख आहे. इथिलीन ऑक्साइड साधारण १०.७ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून गरम हवा दिली की निघून जातो. क्लोरहायड्रिनचा उत्कलनबिंदू १२८ अंशांच्या आसपास आणि ग्लायकॉलचा १९७ च्या. ते एअरेटरमध्ये (मालाला गरम हवा देणारं कपाट; या हवा देण्यालाच एअरेशन म्हणतात) कितीही ताटकळत ठेवले तरी तसे उडून जाणार नाहीत. ते तयारच होऊ द्यायचे नाहीत, आणि ते काम धुण्याच्या टेबलावर होतं. पायरी ३ म्हणून महत्त्वाची.

त्रास काय होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं इथिलीन ऑक्साइड पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसात कर्करोग करणारा म्हणून नक्की ठरलेला. पण त्याआधी लगेच दिसणारे त्रास आहेत. नीट हवा न दिलेल्या मास्कनं किंवा ग्लोव्हजनं कातडी भाजल्यासारखी होते, नळीनं श्वासनलिकेला सूज येते. डायलिसिसच्या काही रुग्णांना ईटीओनं निर्जंतुक केलेल्या डायलायझरची (रक्त गाळणाऱ्या फिल्टरची) तीव्र ॲलर्जी आल्याच्या नोंदी आहेत. डायलायझर लावण्याआधी सलाइननं भरपूर धुवायला सांगतात त्यामागं हेही एक कारण.

आता माझी चूक. ऑगस्ट २०१९ चा महापूर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्या-मुंबईकडून माल बंद, नवे सर्किट आणि मास्क संपत आलेले. मी होते त्या हॉस्पिटलात असलेलंच सामान फिरवून फिरवून वापरायचं चाललं होतं. एका सिझेरियनसाठी रबरी मास्क पाहिजे होता आणि माझ्याकडचा एकमेव मास्क एअरेशनमध्ये चार तासच झालेला. ओटीतून तीनदा निरोप आला. तिसऱ्यांदा वॉर्डबॉय स्वतः आला, "चार तास झाल्यात की ओ सिस्टर, आता काय हुतंय त्याला?" मी दिला. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांनी मला वॉर्डात बोलावलं आणि काही न बोलता त्या बाईच्या चेहऱ्याकडं बोट केलं. नाकाच्या वरून हनुवटीपर्यंत मास्कच्या कडेचा लाल ठसा, छाप मारल्यासारखा. चार-पाच दिवसांत गेला तो. बाईला वाटलं पट्टा घट्ट बसला असेल. तसं नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि मी ते तिला तेव्हा सांगितलं नाही.

२. ईटीओत काय टाकायचं ते ठरवा

पहिला प्रश्न नेहमी हा: हे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मशीनमध्ये, चालतं का? चालत असेल तर तिथंच. कात्र्या, आर्टरी फोर्सेप्स, रिट्रॅक्टर ईटीओत टाकलेले मी पाहिलेत, कारण काय तर "वाफेनं धार जाते". त्यापायी एक दिवस वाया आणि मशीनमधली जागाही.

ईटीओ कशाला? उष्णता सहन न होणाऱ्या वस्तूंना. काही केबल, काही जुने टेलिस्कोप आणि कॅमेरे, प्लॅस्टिक-रबराचे भाग. तेही वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात ईटीओ चालतो असं लिहिलं असेल तरच. त्याच पत्रकात एअरेशन किती तास, किती तापमानाला, हेही असतं. ते पान फाडून फाइलला लावा. मी ते भिंतीवर चिकटवायचे.

द्रव, तेल, मलम, पावडर यांना ईटीओ चालत नाही. गॅस आत पोचत नाही.

एकदाच वापरायच्या वस्तूंबद्दल थोडं स्पष्ट बोलते. गोलात २ आकडा आणि त्यावर काट असलेलं चिन्ह म्हणजे पुन्हा वापरू नका. अशी वस्तू परत ईटीओ करून वापरायची सवय अनेक ठिकाणी आहे, हे तुम्हाला-मला सगळ्यांना माहीत आहे. जंतूंचा धोका तर आहेच. दुसरा मुद्दा कुणी बोलत नाही: त्या वस्तूच्या पुनर्वापराची सूचनाच नसल्यानं तिला किती तास हवा द्यायची हे कंपनीनं कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्ही अंदाजानं चालणार. माझं मत, नको. कुणी दबाव आणला तर लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो.

प्लाझ्मा मशीन घ्यायचं का, असं काही डॉक्टर विचारतात. चांगलं आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतं, सायकल तासाभरात संपते आणि मागं मुख्यतः पाणी आणि ऑक्सिजन उरतो. पण कागद-कापड त्यात चालत नाही आणि फार लांब बारीक नळ्यांना मर्यादा आहेत. म्हणून ईटीओ लगेच जाणार नाही. अमेरिकेतसुद्धा निर्जंतुक होणाऱ्या वैद्यकीय साधनांपैकी साधारण निम्मी आजही याच गॅसवर होतात.

३. धुणं आणि वाळवणं

शेवटचं पाणी साधं शुद्ध पाणी असू द्या, आरओचं किंवा डिस्टिल्ड. नळी सलाइननं फ्लश करून तशीच पॅक करू नका. सलाइन म्हणजे मीठ, मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड म्हणजे क्लोरहायड्रिनला आमंत्रण. हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, बुडवलेली वस्तू तर भरपूर धुवा.

मग वाळवा. नळीत पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी तिथं ग्लायकॉल होतो. बाहेरून कोरडी दिसणारी नळी आतून ओली असते, हे जुलैत कळतं. आपल्याकडं पंचगंगा चढायला लागली की हवेतच इतका दमटपणा असतो की टांगून ठेवलेलं सर्किट दुसऱ्या दिवशीही ओलं. मेडिकल एअरच्या पाइपनं प्रत्येक नळीतून हवा सोडा आणि दुसऱ्या टोकाला कोरडा टिश्यू धरा. त्यावर ठिपका उमटला तर परत.

उलटी चूकही होते. वस्तू हॉट एअर ओव्हनमध्ये कडकडीत करून आणतात. अगदी सुकलेला जंतू या गॅसला दाद देत नाही, त्याला थोडी आर्द्रता लागते. थेंब नको, पण हाडासारखी कोरडीही नको.

४. पॅकिंग आणि भरणं

कागद एका बाजूला, पारदर्शक फिल्म दुसऱ्या बाजूला असलेले रील पाऊच वापरा. गॅस कागदाच्या बाजूनं ये-जा करतो, म्हणून मशीनमध्ये एका पाऊचचा कागद दुसऱ्याच्या फिल्मकडं येईल असे उभे लावा. आडवे थप्पी लावू नका. जाळीची बास्केट घ्या. लाकडी ट्रे, फोमचे तुकडे, टॉवेलची गुंडाळी आत नको, सगळे गॅस पितात.

नळ्यांची टोपणं काढा, बल्ब-बलून मोकळे ठेवा, जोडलेलं सगळं सुटं करा. बंद पोकळीत गॅस शिरायला वेळ लागतो आणि निघायला त्याहून जास्त.

पाऊचवर लिहायचं ते फिल्मच्या बाजूला किंवा सीलच्या बाहेरच्या पट्टीवर. कागदावर पेन टोचलं की सगळी मेहनत गेली.

५. सायकल

हे मशीन करतं, तुम्ही फक्त बघायचं. हॉस्पिटलच्या मशीनमध्ये साधारण ३७ किंवा ५५ अंशांची सायकल असते. एक सायकल, एक कार्ट्रिज (गॅसचा छोटा डबा). प्रिंटआउट निघत असेल तर तो रजिस्टरला लावा. काही थर्मल कागदांवरचं छापलेलं वर्षात उडतं, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा.

जैविक इंडिकेटर प्रत्येक लोडला ठेवावा. त्यात बॅसिलस ॲट्रोफियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. तो निगेटिव्ह आला म्हणजे जंतू मेले. गॅस गेला असा त्याचा अर्थ होत नाही. नव्या मुली-मुलांची सगळ्यात मोठी गफलत इथं होते, कारण निगेटिव्ह हा शब्दच फार दिलासा देणारा आहे.

६. एअरेशन

इथं थोडा वेळ काढून वाचा.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची, सीडीसीची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की यांत्रिक एअरेशन ५० ते ६० अंशांना ८ ते १२ तास. म्हणजे ६० अंशांना ८ तास, ५० ला १२ तास असं धरून चाला. नुसत्या खोलीच्या हवेत ठेवायचं तर २० अंशांना ७ दिवस. वस्तूच्या पत्रकात यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर पत्रक खरं. कमी लिहिलं असेल तर मी तरी १२ तासांखाली कधी उतरले नाही, त्या मास्कनंतर तर नाहीच.

गॅस बाहेर पडतो तो सुरुवातीला भराभर, मग हळू, मग अगदी रेंगाळत. त्यामुळे "अर्धे तास झालेत म्हणजे अर्धा धोका" हे गणित चालत नाही आणि "बारातले दहा झालेत, चालतंय की" हेही नाही. शेवटचे तास रेंगाळणाऱ्यासाठीच असतात.

आता खड्डे. हे सगळे मी पाहिलेले आहेत, काही स्वतः पडलेले.

वास घेऊन बघणे. डॉक्टरसुद्धा करतात. या गॅसचा गोडसर, इथरसारखा वास नाकाला कळायला हवेत तो काही शे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असावा लागतो. आणि अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमाप्रमाणे आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा आहे १ पीपीएम, पंधरा मिनिटांसाठी ५. म्हणजे वास आला तर तुम्ही केव्हाच हद्दीबाहेर गेलात, आणि वास नाही आला तर काहीच सिद्ध झालं नाही.

पाऊच उघडून पंख्याखाली ठेवणे. गॅस थोडा जातो, निर्जंतुकपणा पूर्ण जातो. गच्चीवर उन्हात वाळत घातलेले पाऊचही मी पाहिलेत, शेजारी पापड होते.

लाइट जाणे. एअरेशनचे तास हे गरम हवा खेळती असलेले तास. लाइट दोन तास गेली तर ते दोन तास मोजायचे नाहीत, शिवाय परत तापमान गाठायला लागलेला वेळही नाही. घड्याळ सुरू होतं ते कॅबिनेटनं ठरलेलं तापमान गाठल्यावर. जनरेटरवर ओटी असते, वॉर्ड असतो, पण एअरेटरचा प्लग साध्या लाइनवर असतो असं अनेक ठिकाणी दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून आजच बघा.

मध्येच दार उघडून नवा माल टाकणे. नवा माल गॅस सोडतो, जुना तो परत पितो. तसं झालंच तर सगळ्यांचं घड्याळ शून्यावर.

सायकल संपल्यावर मशीन बंद करून "सकाळी बघू" म्हणणे. बंद चेंबरमध्ये रात्रभर माल गॅस सोडत राहतो आणि तो तिथंच साचतो. सकाळी दार उघडणाऱ्या मावशींच्या तोंडावर.

हिवाळ्यात खोलीच्या हवेवर विसंबणे. सात दिवस हे २० अंशांचे आहेत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे त्याच्या बऱ्याच खाली जातं. तेव्हा ते सात दिवस सात राहत नाहीत. खोलीच्या हवेची पद्धत मला मुळातच पसंत नाही, कारण तो सगळा गॅस खोलीत म्हणजे तुमच्या श्वासात जातो.

एअरेशन व्हायच्या आधी डस्ट कव्हरमध्ये किंवा झिपच्या पिशवीत घालणे. आत कोंडला.

सायकल आणि एअरेशन एकाच चेंबरमध्ये करणारं मशीन असेल तर माल हलवायची भानगड नाही, घ्यायचं असेल तर तेच घ्या. वेगळं कॅबिनेट असेल तर ट्रॉली ढकलू नका, ओढत न्या. ढकलली की मालावरून येणारी हवा तुमच्या नाकात येते, ओढली की मागं राहते. बास्केटला हात लावाल ते हातमोजे घालून, आणि पाऊच एकेक करून हाताळत बसू नका.

आणि ओटीतून घाईचा निरोप आला तर? उपाय त्या क्षणी नसतो, आधी असतो. सायकल, एअरेशन, इंडिकेटर मिळून एक वस्तू जवळजवळ एक दिवस अडकते. रोज लागणाऱ्या वस्तूचे तीन संच ठेवा: एक वापरात, एक मशीनमध्ये, एक कपाटात. मालकांना खर्च वाटतो. त्यांना त्या लाल ठशाची गोष्ट सांगा, माझं नाव न घेता.

७. लेबल आणि रजिस्टर

लेबलवर वस्तूचं नाव, लोड नंबर, सायकलची तारीख एवढं सगळे लिहितात. त्यात एक ओळ वाढवा: "एअरेशन पूर्ण: तारीख, वेळ, सही". ती ओळ कोरी असलेलं पाऊच विभागाबाहेर जाणार नाही, मागायला कुणीही येवो. एवढा एक नियम केला तरी पुष्कळ भांडणं वाचतात, कारण नाही म्हणणारी तुम्ही नसता, लेबल असतं.

रजिस्टरात रकाने: लोड नंबर, माल, सायकल सुरू-बंद, कॅबिनेटनं तापमान गाठलं ती वेळ, लाइट गेली-आली, एअरेशन पूर्ण, इंडिकेटरचा निकाल, कुणाला दिलं. लाइटचा रकाना छापील रजिस्टरात नसतो, हातानं आखा.

८. खोली आणि तुम्ही

हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड आहे, खाली बसतो. हवेत ३ टक्क्यांपासून पुढं पेट घेऊ शकतो. खोलीत उदबत्ती नको, मोबाइलचं चार्जिंग नको, स्टोव्ह तर नकोच. गुरुवारी मशीनची पूजा करायची असेल तर हार घाला, दिवा बाहेर.

मशीनचा आणि एअरेटरचा एक्झॉस्ट पाइप थेट बाहेर, उंचावर, आणि वॉर्डच्या खिडकीपासून, एसीच्या तोंडापासून लांब. पाइप डक्टमध्ये सोडलेला आणि डक्ट जिन्यात उघडलेला, असा प्रकार मी एका ठिकाणी पाहिलाय. खोलीत तासाला निदान दहा वेळा हवा बदलली पाहिजे आणि हवेचा ओढा बाहेरून खोलीकडं असला पाहिजे. दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा, ती आत ओढली गेली तर ठीक.

गळतीचा अलार्म असेल तर तो वर्षातून एकदा तपासून घ्या. वाजला की आधी बाहेर, मग विचार. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं, मळमळणं ही लक्षणं "जेवण झालं नाही म्हणून" असं समजून सोडू नका. गरोदर सिस्टरची ड्यूटी इथं लावू नका.

कार्ट्रिजमधला द्रव अंगावर सांडला तर कपडे उतरवून भरपूर पाण्यानं धुवा. चामड्यात तो द्रव मुरला की निघत नाही, ते चामडं टाकूनच द्यावं लागतं. त्यामुळे कोल्हापुरी कितीही करकर वाजत असली तरी ती दाराबाहेर. आत पाय झाकणारे बूट.

९. माल बाहेरून करून घेत असाल, किंवा स्वतः बनवत असाल

बाहेरच्या एजन्सीकडून ईटीओ करून येणाऱ्या मालाबरोबर सर्टिफिकेट येतं. त्यावर सायकलचं सगळं असतं, एअरेशनचं बहुधा नसतं. मागा: किती तास, किती अंश, कधी संपलं. सकाळी दिलेला माल संध्याकाळी परत आला तर हिशोब तुम्हीच करा.

एमआयडीसीत कुणी वैद्यकीय सामान बनवायचा उद्योग सुरू करत असेल तर त्याला नुसते तास पुरत नाहीत, प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो. मर्यादा ठरवणारं मानक आहे आयएसओ १०९९३-७. त्यातले मुख्य आकडे असे. इथिलीन ऑक्साइड: पहिल्या २४ तासांत ४ मिलिग्रॅम, पहिल्या ३० दिवसांत ६० मिलिग्रॅम, आणि कायम शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी आयुष्यभरात २.५ ग्रॅम. क्लोरहायड्रिन: २४ तासांत ९ मिलिग्रॅम, ३० दिवसांत ६०, आयुष्यभरात १० ग्रॅम. डोळ्यात बसवायच्या लेन्सला वेगळी, मायक्रोग्रॅममधली मर्यादा आहे. कातडीला जळजळ होऊ नये म्हणून पृष्ठभागावरचीही एक आहे: चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोग्रॅम इथिलीन ऑक्साइड.

हे मिलिग्रॅमचे आकडे ७० किलोच्या माणसाला धरून आहेत. २०१९ साली मानकात नवजात आणि तान्ह्या बाळांसाठी दुरुस्ती जोडली गेली. साडेतीन किलोच्या बाळाला वजनाच्या प्रमाणात ४ चे ०.२ मिलिग्रॅम होतात. लहान मुलांचं हॉस्पिटल असेल तर हा आकडा समोर लिहून ठेवा.

रिपोर्ट वाचताना लोक फसतात ते एककात. लॅब लिहिते २० पीपीएम. बरं की वाईट? सांगता येत नाही, वस्तूचं वजन कळल्याशिवाय. इथं पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागं मायक्रोग्रॅम. नळीचा संच १५० ग्रॅमचा असेल तर २० गुणिले १५० म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम, ३ मिलिग्रॅम, चारच्या आत. तोच २० चा आकडा ३०० ग्रॅमच्या संचाला ६ मिलिग्रॅम होतो आणि सगळंच्या सगळं रुग्णात गेलं असं धरलं तर चोवीस तासांची मर्यादा ओलांडतो. वस्तू मोठी झाली, कंपनीनं रिपोर्ट जुन्या छोट्या वस्तूचाच लावला, असं होतं.

दुसरं, नमुना काढायची पद्धत. एका पद्धतीत वस्तू प्रत्यक्ष वापरल्यासारखी पाण्यात ठेवून किती सुटतं ते मोजतात, दुसऱ्यात आतलं शेवटपर्यंत बाहेर काढतात. दोन्हींचे आकडे वेगळे येणारच, रिपोर्टवर कोणती ते लिहिलेलं पाहिजे. मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफीवर होते.

तिसरं आणि सगळ्यात गमतीचं: नमुना पाठवणं. मेमध्ये कुणीतरी नमुने साध्या खोक्यात भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवतो. गाडीच्या डिकीत तासन्‌तास शेकून नमुन्यांचं फुकट एअरेशन होतं आणि रिपोर्ट येतो "आढळला नाही". मालक खूश. नमुना काढल्या काढल्या हवाबंद करून गोठवायचा, कोरड्या बर्फात पाठवायचा, आणि वर एअरेशन संपल्याची व नमुना काढल्याची वेळ लिहायची. नमुनाही पूर्ण भरलेल्या लोडमधून, हवा जिथं कमी खेळते तिथला घ्या. दाराजवळचा, सगळ्यात वरचा, हाताला आला तो नको.

१०. जवळ काय असावं

कागद: प्रत्येक वस्तूचं कंपनीचं माहितीपत्रक, मशीन आणि एअरेटरचं मॅन्युअल, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) प्रत, तापमापकाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, सायकलचे प्रिंटआउट आणि त्यांच्या झेरॉक्स, इंडिकेटरचे निकाल, रजिस्टर. बाहेरून करून घेत असाल तर एजन्सीचं एअरेशनसह सर्टिफिकेट. माल बनवत असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट, पूर्ण, पहिलं पान नुसतं नको.

सामान: रील पाऊच आणि सीलिंग मशीन, ईटीओचीच इंडिकेटर टेप (ऑटोक्लेव्हची नको, दोन्ही रोल शेजारी ठेवले की चूक होते), जैविक इंडिकेटर आणि त्याचा इनक्युबेटर, मेडिकल एअरची नळी, जाळीच्या बास्केट, मॅन्युअलमध्ये सांगितलेले हातमोजे, भिंतीवरचं घड्याळ बॅटरीवर चालणारं, कारण लाइट गेल्याची वेळ त्याच्यावरच बघायची असते. एक टॉर्च. आणि लेबलसाठी काळा पर्मनंट मार्कर, दोन-तीन घेऊन ठेवा, ओटीवाले नेतात आणि परत आणत नाहीत.